लहानूच्या पायाचा अंगठा

अकरा वर्षं मी लहानू शेंडेसोबत नाटकं केली आणि अकरा वर्षं मी त्याचे फक्त पाय पाहिले. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. खाली पवनीपासून वर सिहोऱ्यापर्यंत ज्याचं तोंड दिसलं की माणसं पोट धरून हसायची, त्या तोंडाशी नाटक चालू असताना माझा काही संबंधच नव्हता. मला दिसायचे ते घोट्यापर्यंतचे दोन पाय. डाव्या टाचेला भेग, उजव्या करंगळीचं नख गेलेलं, आणि तो अंगठा. त्या अंगठ्याबद्दल सांगायचं म्हणून तर हे लिहायला बसलोय.

मी प्रॉम्प्टर होतो. प्रॉम्प्टर म्हटलं की पुण्यामुंबईकडच्या वाचकाला विंगेत उभा राहून अडखळलेल्या नटाला हळूच शब्द सुचवणारा एखादा भिडस्त माणूस दिसत असेल. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे इकडे भंडाऱ्याच्या बाजूला, तसं नसतं. धान घरात आलं की गावोगाव शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात, आणि जिथे पट तिथे नाटक. नट त्याच दिवशी चार गावांतून गोळा होणार, कोणी शेतातून, कोणी दुकान बंद करून. पाठांतराला सवड कुणाला आहे? म्हणून स्टेजच्या पुढच्या कडेला कमरेइतका खड्डा खणतात. प्रॉम्प्टर त्यात बसतो आणि पोथीतून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खं नाटक वाचतो. नटाने ते वरून झेलायचं आणि लोकांकडे फेकायचं. मी कारध्याच्या शाळेत मास्तर होतो. माझा आवाज शेवटच्या रांगेत डुलक्या घेणाऱ्यालाही जागा करायचा, त्यामुळे तो खड्डा आपोआपच माझ्याकडे आला.

लहानूला अक्षर ओळखता येत नव्हतं. घराणं कारध्याचंच, वैनगंगेवर मासे धरणारं. तो पहाटे डोंगा घेऊन नदीत जायचा आणि त्याची बायको सगुणा ते मासे टोपलीत भरून, पूल ओलांडून भंडाऱ्याच्या बाजारात विकायची. पण नाटकात तो उभा राहिला की माझ्या पोथीची काही खैर नसायची. मी खालून वाचायचो, "महाराज, मला क्षमा करावी." वरून ऐकू यायचं, "महाराज, मी त चुकलोच जी, पन तुमचा बी काही भरोसा नाई." आणि मांडव कोसळायचा.

अशा वेळी तो अंगठा उठायचा. लहानू मुद्दाम खड्ड्याच्या कडेला येऊन उभा राही आणि उजव्या पायाचा अंगठा वर करी. अंगठा वर म्हणजे थांबा. अंगठा खाली म्हणजे द्या पुढचं वाक्य. लोकांचं हसू चढत असायचं, मला वाटायचं आता ओसरलं, पण अंगठा काही खाली यायचा नाही. मग मागच्या बैलगाड्यांवरून हसण्याची दुसरी लाट यायची. ती कुठून येणार हे त्याला कसं कळायचं, देव जाणे. एकदा मी अंगठ्याला न जुमानता पुढचं वाक्य वाचलं. त्याने ते निमूटपणे म्हटलं, आणि परतताना बैलगाडीत मला म्हणाला, "घाई करू नका जी गुरुजी. हसू शिजून राहिलं होतं. तुमी चुलीतलं लाकूडच ओढलं." त्यानंतर मी कधी ओढलं नाही.

आता या माणसाचं घर पाहा. स्टेजवर ज्याच्या तोंडाला खंड नाही, तो घरी मुका. मी सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जायचो तर तासाभरात त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तर निघाले. चहा हवा असला की चुलीजवळ बसून कप टक्कन उलटा ठेवायचा आणि छपराकडे बघायचा, जणू कप दुसऱ्याच कुणी ठेवलाय. बिडी कानावर खोचलेली असायची आणि हा घरभर शोधायचा. सगुणावहिनी बघत बसायच्या, सांगायच्या नाहीत. त्या रागावल्या की हा कोपऱ्यात जाळं घेऊन बसे आणि त्यांच्या एकेका वाक्याला एकेक गाठ मारत जाई. बोलणं संपलं की दोरा दाताने तोडायचा. रागाच्या मानाने जाळं बरंच दुरुस्त व्हायचं.

"बाहेर बोलून बोलून संपते सारं," वहिनी मला म्हणायच्या. "घरी आनासाठी उरतच नाई काई."

त्यांनी लहानूचं नाटक उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि तेच नडलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नाटक होतं सिहोऱ्याला, म्हणजे वहिनींच्या माहेरी. लहानूला काम बायकोच्या धाकातल्या नवऱ्याचं. सासरे पुढच्या रांगेत, वहिनी बायकांच्या बाजूला, सगळं गोत जमलेलं. आणि दुसऱ्या अंकात नाटकातली बायको खराटा घेऊन त्याला स्टेजभर पळवते. लोक इतके हसले की मला खाली वाचणं थांबवावं लागलं. अंगठा वरच्या वर होता. वहिनी मात्र उठून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माह्या बापासमोर तुमी खराट्याचा मार खाल्ला. आता माही आई मलेच विचारते, घरी बी असंच चालते काय म्हनून."

"ते नाटक होतं," लहानू म्हणाला.

"हसले ते त खरेच ना? तुमचं नाटक पाह्यले मी आता येनार नाई."

आणि नाही आल्या. दहा वर्षं. मुलूखभरच्या बाया लहानूचं नाव ऐकून गाड्या जुंपून यायच्या आणि त्याची बायको तेवढी यायची नाही. तो याबद्दल बोलत नसे. पण नाटकाला उभं राहण्याआधी मांडवात बायकांच्या बाजूला एकदा नजर टाकायचा. त्याच्या टाचा तेवढ्या वर उचललेल्या दिसल्या की मला कळायचं.

मग पवनीला तो प्रकार झाला. नायकाचं काम करणारा भंडाऱ्याहून येणार होता, त्याची मोटार वाटेत बंद पडली. लोक वैतागले. आयोजक घामाघूम. लहानू पडद्याबाहेर गेला आणि पोथीत नसलेलं बोलू लागला. नायक आता कुठवर आला असेल ते त्याने सांगायला घेतलं. आता मोटार ढकलून राहिले. आता नायक ढकलून राहिला, डायवर आत बसला. आता नायकाची टोपी उडाली, टोपीमागे नायक धावून राहिला, म्हणून उलट्या दिशेनं भंडाऱ्याले चालला. असं तासभर. मी खड्ड्यात रिकामा बसून रडेपर्यंत हसलो. शेवटी नायक खरोखरच आला तर लोक म्हणाले, थांबू द्या त्याले बाहेरच.

त्या गर्दीत नागपूरचा एक चष्मेवाला साहेब होता. नागपूरला टीव्ही नुकताच आला होता आणि हा साहेब तिथे कार्यक्रम करायचा. महिन्याभरात शाळेच्या पत्त्यावर पत्र आलं. शहरातल्या एका कुटुंबाची विनोदी मालिका होती आणि तिच्यात घरच्या नोकराचं काम लहानूला देऊ केलं होतं. चार भाग. पहिल्या भागातली वाक्यं सोबत होती. पत्र मी घाटावर वाचून दाखवलं. लहानू जाळं झटकत होता, तो थांबला.

"आनखी एकडाव वाचा जी," तो म्हणाला.

मी तीनदा वाचलं. संध्याकाळपर्यंत कारध्यात नुसता धुमाकूळ. कोणी म्हणे लहानू आता मुंबईला राहणार, कोणी म्हणे दिल्ली. ग्रामपंचायतीत टीव्हीचा डबा आलेलाच होता. शिपायाने त्याच दिवशी छपरावर चढून अँटेनाचा बांबू बदलला, अजून उंच. मी स्वतः किती हुरळलो होतो ते सांगायची लाज वाटते. चौथीला भूगोल शिकवताना मी नकाशावर नागपूर तीनदा दाखवलं.

लहानू मात्र एकच गोष्ट घेऊन बसला. मला बाजूला नेऊन म्हणाला, "गुरुजी, सगुणाले तुमी सांगा. म्हना, हे नाटक नाई. मांडव नाई, खराटा नाई. मी धड बोलनार. येऊन पाह्य म्हना."

मी वहिनींना सांगितलं. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "मार खाते काय थ्या टीव्हीत?"

"नाही वहिनी."

"मंग काय करते?"

"बोलतात. पानभर बोलायचं आहे."

"पाहू," त्या म्हणाल्या. दहा वर्षांत आम्हाला मिळालेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर होतं.

आम्ही दोघं एसटीने नागपूरला गेलो. मी का गेलो? अहो, प्रॉम्प्टरशिवाय नट कसा जाईल? मी नाही गेलो तरी चालेल, हे आम्हा दोघांच्या मनात आलंही नाही. स्टुडिओत थंडगार हवा, वर डोळे दिपवणारे दिवे, आणि मध्ये तीन भिंतींची एक खोली. लहानूने सगळीकडे फिरून जमीन पाहिली आणि साहेबांना विचारलं, "खड्डा कुठी आहे जी?"

साहेब हसले. त्यांना वाटलं, हा विनोदच. त्यांनी आम्हाला कौतुकाने बरंच काही सांगितलं. अमेरिकेत म्हणे टीव्हीवर विनोदी नटांची मोठी चलती आहे, आणि तिथे विनोद झाला की मागून हसण्याचा आवाज मशीनने चिकटवतात. इथे ते नाही, त्यामुळे चित्रण चालू असताना कोणी हसायचं नाही, खोकायचंही नाही. लहानू विचारात पडला. मला कानात म्हणाला, "हसू बाहेरून चिकटवते, त नटाले कायले बोलावते जी?"

खड्डा नव्हता, पण दिवाण होता. त्याला जमिनीपर्यंत झालर. मी कुणाचं लक्ष नाही असं पाहून मालिकेच्या पोथीसकट आत शिरलो. एवढ्या मोठ्या माणसांनी प्रॉम्प्टरची सोय केली नाही, तर आपली आपण करून घ्यावी, एवढाच आमचा हिशोब. दिवाणावर सासूचं काम करणाऱ्या बाई येऊन बसल्या. लहानू झालरीशी उभा राहिला. दिवे लागले आणि मी नेहमीच्या आवाजात सुरू झालो.

पहिल्याच वाक्याला साहेबांनी थांबवलं. आवाज घुमतोय. वायरी तपासल्या. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. डोक्याला यंत्र लावलेला माणूस म्हणाला, "साहेब, प्रत्येक वाक्य दोनदा येतंय, आणि पहिल्यांदा जास्त स्पष्ट येतंय." शिडी आणून वरचा माईक बदलला. तिसऱ्यांदा लहानूने विनोद केला आणि सवयीने लोकांच्या हसण्यासाठी थांबला. हसलं कोणीच नाही. पण त्याचा अंगठा वर गेला, आणि कॅमेरावाल्याला झालरीपुढे एकटाच वर झालेला अंगठा दिसला. तेवढ्यात माझ्या नाकात धूळ गेली. मी शिंकलो. दिवाणावरच्या बाईंनी दोन्ही पाय वर घेतले.

मी बाहेर आलो तेव्हा डोक्याला जळमटं आणि हातात पोथी. सगळा स्टुडिओ माझ्याकडे बघत होता. साहेब रागावले नाहीत, हे जास्तच वाईट झालं. ते लहानूला शांतपणे म्हणाले, "पाठ म्हणा. पहिली पाच वाक्यंच म्हणा."

लहानू उभा राहिला. तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. पवनीला ज्याने तासभर आपल्या मनाचं बोलून माणसं लोळवली होती, तो त्या मुक्या, हसायची मनाई असलेल्या खोलीत एक शब्द बोलू शकला नाही. मी कोपऱ्यातून ओठ हलवत होतो, पण त्याचा काय उपयोग? साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पेन काढलं. नोकराची सगळी वाक्यं सासूबाईंना दिली. "तुम्ही फक्त चहा द्या, बोलणी ऐका, आणि मालकाचं पेन शोधा. बोलायचं नाही."

जेवणाच्या सुट्टीत लहानू पायरीवर बसला. डबा उघडला नाही.

"घरी मी मुकाच आहो गुरुजी," तो म्हणाला. "म्हनलं होतं, एकडाव तिच्यासमोर तोंड उघडीन. गावाले हसवतो थ्या तोंडानं. आता इथी बी मुका. मंग ते काय पाह्यले येईल?"

चूक माझी होती. मी त्याला कधी पाठ करायलाच लावलं नव्हतं, कारण मला माझा खड्डा आवडायचा. ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुमी काहून वाईट वाटून घेता जी," आणि डबा उघडून अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

दुपारी पुन्हा दिवे लागले. मला कॅमेऱ्यामागे उभं केलं, तोंडावर हात ठेवून. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी लहानूला काम करताना समोरून पाहिलं.

मालकाचं पेन त्याच्या कानावर होतं आणि तो ते घरभर शोधत होता. उशीखाली, चहाच्या किटलीत, मालकाच्या खिशात. सगळ्यांना चहा दिला आणि आपल्याला उरला नाही, तर त्याने स्वतःचा कप टक्कन उलटा ठेवला आणि छपराकडे बघितलं. मग सासूबाई त्याला बोलू लागल्या. त्याचीही वाक्यं त्यांच्याकडे गेलेली, त्यामुळे बोलणं काही संपेना. आणि लहानूची रिकामी बोटं हळूहळू हलू लागली. एका वाक्याला एक गाठ. हवेतच जाळं विणलं जात होतं. बोलणं संपलं तेव्हा त्याने नसलेला दोरा दाताने तोडला.

कॅमेरावाल्याचे खांदे गदगदत होते. साहेब थांबा म्हणायचं विसरले. मी बोट चावून हसू आवरत होतो, आणि एकदम माझं हसू गेलं. हे तर कारध्याचं घर होतं. ती चूल, तो कप, ते जाळं, आणि बोलणाऱ्या सासूबाई म्हणजे जवळजवळ सगुणावहिनीच. सिहोऱ्याला त्याने नाटकातल्या बायकोचा मार खाल्ला होता. इथे त्याने खरं घरच उचलून जगासमोर मांडलं होतं.

परतीच्या एसटीत मी हे त्याला बोललो. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बोलाले काही नोतं, त जे माह्यापाशी होतं थेच देल्लो."

गावाला आम्ही काहीच सांगितलं नाही. पहिला भाग लागायचा त्या संध्याकाळी ग्रामपंचायतीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिपाई छपरावर बांबू धरून. सरपंच खुर्चीत, टीव्हीच्या अगदी तोंडाशी. बायका उजव्या भिंतीला. लहानू आत यायला तयार नव्हता. तो बाहेर, बायकांच्या समोरच्या खिडकीशी उभा राहिला. तिथून टीव्ही दिसत नव्हता.

वहिनी सगळ्यात शेवटी आल्या. दाराशी बसल्या, म्हणजे उठून जायला सोपं.

लहानू दिसला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. मग सगळे गप्प झाले, तो बोलायची वाट बघत. तो काही बोलेना. पेन शोधतोय, शोधतोय, तोंड बंद.

"आवाज वाढवा ना जी," कोणीतरी म्हणालं.

सरपंचांनी खटका पिरगाळला. सासूबाई कानठळ्या बसतील अशा बोलू लागल्या, लहानू मुकाच. "थ्या बाईचा आवाज येते, लहानूचा काहून येत नाई?" छपरावर निरोप गेला आणि शिपाई बांबू फिरवू लागला. लहानूच्या अंगावरून पट्टे धावले. लोक कुजबुजू लागले की आपल्या माणसाला बोलूच दिलं नाही. मी दाराशी बसलेल्या वहिनींकडे पाहिलं.

आणि वहिनी उठल्या.

मला वाटलं, संपलं. पुन्हा सिहोरा. पण त्या दाराकडे वळल्या नाहीत. पुढच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सरक वो, मले दिसू दे." आणि हसल्या. आधी पदर तोंडात धरून. मग पदर सुटला.

"कानावरच आहे पाह्य," त्या शेजारणीला म्हणाल्या. "घरी असंच करते. मी सांगतच नाई कधी." शेजारीण टीव्हीकडे बघून खिदळली. "आता कप उलटा ठेवतीन पाह्य," वहिनी म्हणाल्या, आणि कप टक्कन उलटा झाला. "आता वरतं पाहातीन." लहानूने छपराकडे पाहिलं. उजवी भिंत हसायला लागली. सासूबाई बोलू लागल्या तेव्हा वहिनींचा आवाज माझ्या खड्ड्यातल्या आवाजाइतका मोठा झाला होता. "हे मीच आहो, मीच. आता जाळं घेतीन. हे पाह्य, घेतलं."

मग पुरुषांकडेही कळत गेलं. सरपंचांनी आवाज बारीक केला, कारण आता सगळ्यांना वहिनी ऐकू यायला हव्या होत्या. हसू भिंतीभिंतीने चढत गेलं. हसता हसता वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

लहानूने पुढे त्या मालिकेचे उरलेले तीन भाग केले, तिन्ही मुके, आणि नंतर पुन्हा आमच्या मांडवात आला. वर्षभरात माझी बदली झाली आणि माझा खड्डा दुसऱ्या कुणाला मिळाला. पण मला आठवतो तो त्या संध्याकाळचा लहानू.

मी गर्दीतून वाट काढत बाहेर, त्याच्या खिडकीशी गेलो होतो. तो अजून तिथेच उभा होता, टीव्हीकडे पाठ झाल्यासारखा, बायकोच्या तोंडाकडे बघत. मी म्हणालो, "लहानूभाऊ, आत चला ना जी. वहिनी हसून राहिल्या." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी खाली पाहिलं. चपलेतून त्याच्या उजव्या पायाचा अंगठा वर झाला होता. मग मीही तिथेच थांबलो.